चाकांवरचं घर आणि चार अंशांचं रान

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी मी प्रवासवर्णनांवर बोलले. व्याख्यान संपल्यावर एक गृहस्थ पुढे आले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सांगितलेल्या सगळ्या पुस्तकांत माणूस शेवटी घरी परत येतो. जो परत येतच नाही, त्याचं काय?" मला वाटलं ते संन्याशांबद्दल विचारतायत. त्यांनी खिशातून फोन काढला आणि त्यांच्या अमेरिकेतल्या व्याह्यांचे कुणी शेजारी, त्यांचे फोटो दाखवले. नवराबायको, दोघं सत्तरीच्या आतबाहेर. घर विकलं, एक मोटरहोम घेतली आणि गेली काही वर्षं त्यातच राहतात. आणि फोटो कसले, तर लांडगे, अस्वलं, क्रौंच पक्षी, बर्फात तोंड खुपसलेला कोल्हा. एकाहून एक सरस. "यावर बोला की," म्हणाले. आज त्यावर बोलते. ते गृहस्थ आज आलेत का? नाही दिसत. (हशा)

मी समीक्षेची विद्यार्थिनी आहे, तेव्हा गाडी कोणती घ्यावी, लेन्स कोणती घ्यावी हे मला विचारू नका. माझा प्रश्न एवढाच आहे की चाकांवर राहणाऱ्या माणसाने रानातल्या प्राण्याचं चित्र काढलं, शब्दांत असो की कॅमेऱ्यात, तर त्या चित्रात काय येतं आणि काय हमखास गळून जातं?

आधी या जगण्याची थोडी माहिती, कारण ती नसेल तर पुढचं अधांतरी राहील. अमेरिकेत आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. कुणाची बसएवढी मोटरहोम असते, कुणाची व्हॅन, कुणी ट्रकमागे जोडलेल्या डब्यात राहतं. बारा महिने त्यातच राहणारे लोक स्वतःला 'फुलटायमर' म्हणवतात. आता पत्ता नसलेल्या माणसाला विमा, गाडीची नोंदणी कशी जमायची? त्यासाठी साउथ डकोटासारखं राज्य सोयीचं पडतं, तिथे एक रात्र मुक्कामाची पावती आणि टपाल सांभाळणारी एखादी सेवा असली की रहिवासी होता येतं. पश्चिमेकडच्या बहुतेक सरकारी मोकळ्या जमिनीवर साधारण चौदा दिवस फुकट राहता येतं, मग हलावं लागतं. ॲरिझोनात क्वार्टझसाइटजवळच्या वाळवंटात तर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल असा अख्खा हंगाम १८० डॉलरांत काढता येतो. म्हणजे बघा, 'मनाला येईल तिकडे' असं जे आपण ऐकतो त्यामागे कॅलेंडर आहे आणि ते बरंचसं हवामानाने आणि सरकारी नियमांनी ठरवलेलं आहे. हिवाळ्यात दक्षिणेला, उन्हाळ्यात उत्तरेला. या लोकांना तिथे 'स्नोबर्ड' म्हणतात ते उगाच नाही.

आता पुस्तकाकडे. या वाङ्मयाचा मूळपुरुष म्हणून सगळे जॉन स्टाइनबेककडे बोट दाखवतात. १९६० च्या सप्टेंबरात लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बरहून तो निघाला. जीएमसीचा ट्रक, त्यावर बसवलेली छोटी खोली, गाडीचं नाव रोसिनान्ते, म्हणजे डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव, आणि सोबत चार्ली नावाचा पूडल कुत्रा. 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' १९६२ मध्ये आलं, त्याच वर्षी त्याला नोबेल मिळालं. पुढे २०१० मध्ये बिल स्टायगरवॉल्ड नावाच्या पत्रकाराने तोच रस्ता पुन्हा धरला, तारखा ताडून पाहिल्या आणि दाखवून दिलं की बऱ्याच रात्री स्टाइनबेक त्या गाडीत झोपलेलाच नव्हता. हॉटेलं होती, ओळखीची घरं होती, काही दिवस बायकोही बरोबर होती. पुस्तकातली कित्येक माणसं आणि संभाषणं रचलेली असावीत, असा त्याचा निष्कर्ष. पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही हे पुस्तक शब्दशः खरं मानू नका, अशा अर्थाची कबुली आली.

मी हे पुस्तक तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा, हे सगळं कळल्यावर. तेव्हा एक गोष्ट जाणवली. त्यातली माणसं खोटी वाटायला लागली, पण प्राणी खोटे वाटेनात.

दोन प्रसंग सांगते. पहिला यलोस्टोनचा. चार्ली स्वभावाने अगदी पुस्तकी, सौम्य कुत्रा. प्रवेशद्वारावर रेंजर बजावतो की कुत्र्याला बांधून ठेवा, अस्वलं आहेत. स्टाइनबेक म्हणतो, आमचा चार्ली तसला नाही हो. आणि आत शिरल्यावर रस्त्याकडेला पहिलं अस्वल दिसतं मात्र, त्या कुत्र्याच्या अंगात काहीतरी संचारतं. तो काचेवर झेपा घेतो, गुरगुरतो, ओळखूच येईनासा होतो. शेवटी लेखकाला गाडी वळवून उद्यानाबाहेर पडावं लागतं. एवढं जगप्रसिद्ध उद्यान, आणि प्रवासवर्णनकार ते पाहू शकत नाही! हे का पटतं? कारण इथे चाकांवरचं घर हा फक्त आसरा राहत नाही. घरात आपण एक प्राणी घेऊन आलोय आणि बाहेर दुसरा आहे, मध्ये एक काच आहे. त्या काळात यलोस्टोनची अस्वलं रस्त्याकडेला येऊन गाड्यांतल्या लोकांकडून खाणं मागत असत, ते बंद व्हायला जवळजवळ १९७० उजाडलं. म्हणजे ते अस्वलही पूर्ण रानटी नव्हतं आणि कुत्राही पूर्ण माणसाळलेला नव्हता. हे स्टाइनबेक सांगत बसत नाही, पण प्रसंगातून कळतं.

दुसरा प्रसंग मोहावे वाळवंटातला. दोन कायोटी दिसतात, आपल्या कोल्ह्यालांडग्यांचे अमेरिकी भाऊबंद. तो रायफल घेतो, दुर्बिणीची फुली एकीच्या अंगावर धरतो. लहानपणापासूनची शिकवण आहे की हे उपद्रवी जनावर, मारावं. मग मनात हिशेब सुरू होतो, की इथे आसपास मैलोन्मैल कोंबडी नाही, मग उपद्रव कुणाला? आणि तो बोट काढून घेतो. जाताना कुत्र्याच्या खाण्याचे दोन डबे फोडून ठेवतो.

मला या लेखनप्रकारातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान वाटतं. दुर्बिणीतून प्राणी जवळ आला, नीट दिसला, आणि नीट दिसल्यामुळेच पाहणाऱ्यावर काहीतरी जबाबदारी आली. आज रायफलच्या जागी कॅमेरा आहे. बोट दाबलं तरी कुणी मरत नाही. मग जबाबदारी संपली का? (आणि हो, ते डबे ठेवणं आजच्या नियमात बसत नाही. वन्य प्राण्याला खायला घालणं म्हणजे हळूहळू त्याला मारणंच, असं तिथला कुठलाही रेंजर सांगेल. स्टाइनबेकला पुण्य वाटलं, ते पाप होतं. पण ते पान त्यामुळे बिघडत नाही, उलट अधिक खरं होतं.)

आता फोटोकडे येते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने एक आरव्ही भाड्याने घेतली आणि मला यलोस्टोनला नेलं. त्या आठ दिवसांत मी जे शिकले ते कुठल्याही अल्बममध्ये नव्हतं. उदाहरणार्थ संडासाची टाकी. ती दर काही दिवसांनी ठरावीक जागी जाऊन, हातमोजे घालून, पाइप जोडून रिकामी करायची असते. माझा भाचा इंजिनिअर आहे, पण पहिल्या दिवशी त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. (हशा) या टाकीचा फोटो सहसा कुणी कोल्ह्याच्या फोटोशेजारी लावत नाही. लावावा असं मी म्हणत नाही. पण तिथूनच माझा विचार सुरू झाला, की न लावलेलं अजून काय काय असेल?

लामार खोरं. १९९५ मध्ये कॅनडातून आणलेले लांडगे यलोस्टोनमध्ये सोडले, दोन वर्षांत मिळून एकतीस. त्याआधी कित्येक दशकं तिथे लांडगा उरला नव्हता, सरकारनेच संपवला होता. या खोऱ्यातून जाणारा रस्ता त्या उद्यानातला बारा महिने मोटारींना खुला राहणारा एकमेव रस्ता. त्यामुळे लांडगे बघायचे तर सगळे इथेच. पहाटे आम्ही पोचलो तर रस्त्याकडेला तीसचाळीस गाड्या, तिपायांचं जंगल, थर्मासचे कप, कुजबुज. यात्राच म्हणा ना. नियम असा की लांडगा आणि अस्वल यांच्यापासून १०० यार्ड लांब राहायचं, बायसन आणि एल्क यांच्यापासून २५. प्रत्यक्षात त्या दिवशी लांडगे मैलभर लांब होते.

आता लेन्सचं बघा. ६०० मिलिमीटरच्या लेन्सला जेमतेम चार अंशांचा तुकडा दिसतो. सभोवती तीनशे साठ अंश जग आहे, त्यातले चार. उरलेल्यात त्या चाळीस गाड्या, ते थर्मास, रस्ता, विजेची तार, आणि फोटो काढणारा स्वतः. शिवाय ही लेन्स मागचं सगळं धूसर करते. त्यामुळे फोटोत एकटा लांडगा आणि असीम रान दिसतं. फोटो खोटा नाही, लांडगा तिथे होता. पण त्या एकटेपणाची बनावट लेन्सने केलेली असते. आणि बघणाऱ्याला वाटतं, अहाहा, या माणसाने नोकरी सोडली, घर विकलं, म्हणून त्याला हे एकांतातलं दर्शन झालं. तिथे माझी तक्रार आहे.

पूर्वीचे लोक याबाबतीत जास्त उघड होते. इंग्लंडचे कीर्टन बंधू, रिचर्ड आणि चेरी, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी पक्ष्यांचे फोटो काढायला बैलाचं कातडं पेंढा भरल्यासारखं उभं करून त्याच्या पोटात बसायचे. आणि त्या बैलाचाही फोटो त्यांनी छापला! चित्र कसं मिळालं हे चित्राशेजारीच. आजची आरव्ही म्हणजे तोच पोकळ बैल आहे. प्राणी गाडीला बुजत नाही, माणूस उतरला की बुजतो. चाकांवरचं घर ही लपण्याची जागा आहे, आणि नेमकी तीच चौकटीबाहेर राहते.

न्यू मेक्सिकोतल्या बोस्के देल अपाचेचंही तसंच. हिवाळ्यात तिथे हजारो सँडहिल क्रौंच आणि पांढरे स्नो गूज उतरतात. क्रौंच म्हणजे आपल्या गोंदियाकडच्या सारसाच्याच कुळातला, थोडा धाकटा. पहाटेच्या लाल उजेडात हजारोंचा थवा एकदम उठतो, तो फोटो तुम्ही पाहिला असेलच, कारण तो सगळ्यांकडे असतो. सांगायची गोष्ट ही की तिथलं पाणी हिशेबाने सोडलेलं असतं, पक्ष्यांसाठी मुद्दाम मका पेरला जातो, आणि काही तळी तर हमरस्त्याच्या कडेलाच आहेत. रिओ ग्रांदेचं पात्र माणसाने बांधून घातलं, पूर येईनासे झाले, म्हणून आता पूर हाताने आणावा लागतो. ही केवढी मोठी गोष्ट आहे! पण फोटोखाली ओळ असते 'निसर्गाचा चमत्कार'. मी म्हणते, चमत्कार कालव्याच्या दारं उघडणाऱ्या कर्मचाऱ्याचाही आहे की.

अजून एक. कित्येक जण लिहितात की आम्ही क्रौंचांच्या मागोमाग बोस्केहून मार्चमध्ये नेब्रास्काच्या प्लॅट नदीवर गेलो. प्लॅटवर मार्चमध्ये लाखो क्रौंच जमतात हे खरं. पण बोस्केचे बरेचसे मोठे क्रौंच कोलोरॅडोतल्या सॅन लुइस खोऱ्यातून उत्तरेला जातात. प्लॅटवरचे मुख्यतः वेगळ्या वाटेचे पक्षी, टेक्सासकडून आलेले. 'मागोमाग' हा शब्द सुंदर आहे, पण पक्षी एकीकडे आणि मोटरहोम दुसरीकडे!

मागोमाग जाणं काय असतं ते एडविन वे टीलकडून शिकावं. हा आरव्हीवाला नव्हे, साध्या मोटारीतून फिरायचा, रात्री मिळेल तिथे उतरायचा. पण लेखक आणि निसर्ग-छायाचित्रकार दोन्ही. त्याचा एकुलता एक मुलगा डेव्हिड दुसऱ्या महायुद्धात १९४५ मध्ये मारला गेला. १९४७ मध्ये टील आणि त्याची बायको नेली फ्लोरिडापासून निघाले आणि वसंताबरोबर उत्तरेला गेले, सुमारे सतरा हजार मैल. वसंत दिवसाला साधारण पंधरा मैल उत्तरेला सरकतो, हे त्याचं गणित. गाडी तासाला पन्नास मैल जाऊ शकते, पण वसंत दिवसाला पंधरा, मग माणसाने काय करायचं? मागे वळायचं, बाजूला जायचं, दलदलीपाशी दोन दिवस थांबायचं. त्याच्या पुस्तकात वाट पाहण्याची पानं भरपूर आहेत. 'नॉर्थ विथ द स्प्रिंग' १९५१ मध्ये आलं, आणि चार ऋतूंच्या त्या मालिकेतल्या हिवाळ्याच्या पुस्तकाला १९६६ चं पुलित्झर मिळालं. मुलाचं दुःख तो फारसं बोलून दाखवत नाही. पण ते ठाऊक असलं की प्रत्येक घरट्याचं वर्णन वेगळं वाचलं जातं. त्याचे फोटो आजच्या मानाने साधे, करडे. माझ्या मते तरीही आजच्या नव्वद टक्के अल्बमांहून श्रेष्ठ, कारण शेजारच्या मजकुरात तो किती वेळ चिखलात उभा होता ते असतं.

आणि आता 'नोमॅडलँड'. २०२० चा क्लोई झाओचा चित्रपट, सर्वोत्कृष्ट चित्रपटासह तीन ऑस्कर. त्याआधी जेसिका ब्रूडरचं २०१७ चं पुस्तक. पुस्तक रागीट आहे. म्हातारपणी घरं गमावलेली माणसं व्हॅनमध्ये राहून ॲमेझॉनच्या गोदामांत हंगामी काम करतात आणि त्या गोदामांत वेदनाशामक गोळ्या फुकट मिळण्याची सोय आहे, हे ब्रूडर थंडपणे नोंदवते. चित्रपटात तो राग बराच मवाळ झालाय. गोदाम येतं आणि जातं, आणि संध्याकाळचा गुलाबी उजेड मात्र प्रत्येकाच्या वाट्याला येतो. जोशुआ जेम्स रिचर्ड्सचं छायाचित्रण इतकं देखणं आहे की गरिबीसुद्धा सहलीसारखी दिसायला लागते. हा आक्षेप अनेकांनी घेतला, मलाही तो मान्य आहे.

पण त्यात एक जागा आहे. स्वँकी नावाची बाई, ही खऱ्या आयुष्यातही व्हॅनमध्ये राहणारी, चित्रपटात स्वतःच्याच नावाने. तिथे तिला कर्करोग दाखवलाय, थोडे महिने उरलेत. (खऱ्या स्वँकीला तो आजार नव्हता, ही कथेची जोड.) ती नायिका फर्नला सांगते की तिने कायाकमधून जाताना काय काय पाहिलं, मूस, पेलिकन, आणि एका कड्यावर भिंगऱ्यांची शेकडो घरटी, वर पक्षी, खाली पाण्यात त्यांचं प्रतिबिंब, आणि पाण्यावर तरंगणारी अंड्यांची टरफलं. पुढे बऱ्याच वेळाने फर्नच्या फोनवर एक व्हिडिओ येतो. तीच घरटी, तीच टरफलं.

तो व्हिडिओ काही स्पर्धेत बक्षीस मिळवणारा नाही. फोनवर घेतलेला. पण एवढ्या देखण्या चित्रपटात मला हललेलं तेवढंच दृश्य. का, याचा मी खूप विचार केला. एक तर आपण ते आधी ऐकलेलं आहे, त्यामुळे पाहताना सांगणारी बाई सोबत असते. दुसरं, तिथे चार अंश नाहीत. पाणी आहे, होडी आहे, हलणारा हात आहे. आणि तो व्हिडिओ एका माणसाने एकाच माणसाला पाठवलेला आहे.

इथे माझ्याच विरुद्ध एक मुद्दा मांडते, कारण तो मला टाळता येत नाही. मी एवढी कटकट करतेय, पण मी त्या माणसांच्या जागी नाही. लामारच्या त्या पहाटे माझ्या शेजारी एक बाई होत्या, पंचाहत्तरीच्या असतील. छोट्या मोटरहोममध्ये एकट्या राहायच्या. यजमान गेल्यावर घर खायला उठायचं, म्हणाल्या. हिवाळ्यात दक्षिणेकडच्या एका अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून काम करतात, त्या बदल्यात गाडी लावायला जागा, वीज, पाणी मिळतं. त्यांनी मला त्यांच्या स्पॉटिंग स्कोपमधून लांडगे दाखवले. राखाडी ठिपके. एक ठिपका बसला, दुसरा त्याच्याभोवती फिरला. एवढंच. मग त्यांनी आपले फोटो दाखवले आणि मी मनात आधीच शेरा तयार ठेवला होता. पण ते फोटो एकाच पाणथळीचे होते, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रोज त्याच जागेवरून. मागे पंपाची टपरी दिसते. एका फोटोत पक्षीच नाही, खाली तारीख आणि 'आज कुणी नाही' एवढीच नोंद. मी विचारलं, हे कुणाला दाखवता? म्हणाल्या, कुणाला नाही, पाणी किती होतं ते अभयारण्याच्या ऑफिसला कधीकधी लागतं.

आपल्याकडे व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात मुक्काम ठोकून बसले आणि त्यातून पुस्तक झालं, ते आठवलं मला. चाकं असूनही त्या बाई थांबलेल्या होत्या.

आयोजक घड्याळ दाखवतायत, प्रश्न घेऊ. हो, मागच्या रांगेतले काका, बोला.

(श्रोता: "त्या बाईंचे फोटो तुमच्याकडे आहेत का? बघायला मिळतील?")

नाहीत हो. मागायचं सुचलंच नाही. भाच्याने तेवढ्यात हाक मारली होती, टाकी भरली म्हणून.